सोनबाचा गलता

ही गोष्ट मी कुणाला सांगतो तेव्हा सुरुवात मोबाइलच्या रेंजपासून करतो. हिंजवडीत तेव्हा धड रेंज मिळायची नाही, कंपनीच्या बसमध्ये गोंगाट होता, वडील हळू बोलतात, वगैरे. ऐकणारा मान डोलावतो आणि मला तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आज तसं करणार नाही. रेंज चांगली होती. शब्द मला स्वच्छ ऐकू आला होता, फक्त तो माझ्या ओळखीचा नव्हता. आणि मला माहीत नसलेला एखादा शब्द माझ्या वडिलांना माहीत असेल, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

दोन हजार सातची गोष्ट आहे. माझे वडील तात्याराव, आम्ही त्यांना दादा म्हणतो. सुतारकाम करायचे. आम्ही जातीचे सुतार नव्हे. माझे आजोबा सोनबा, म्हणजे आबा, खडकीच्या लष्करी कारखान्यात हमाल म्हणून लागले आणि तिथं एका मद्रासी मिस्त्रीच्या हाताखाली हे काम शिकले. गावातच राहिले असते तर सुतारानं त्यांना हत्याराला हातही लावू दिला नसता. मिस्त्री नोकरी संपवून आपल्या मुलखाला परत निघाला तेव्हा त्यानं आबांना एक रंधा दिला, विलायती लाकडाचा. छप्पन साली धम्मदीक्षा झाली आणि आमच्या लोकांच्या घरातल्या भिंती रिकाम्या झाल्या. जुने देव गेले होते, आणि बुद्धाची नि बाबासाहेबांची तसबीर लावायला प्रत्येकाला चौकट हवी होती. पर्वतीच्या पायथ्यापासून बोपोडीपर्यंत कित्येक घरांतल्या चौकटी आबांनी केल्या, कारखाना सुटल्यावर, अंगणात बसून.

पुढे हे काम दादांकडे आलं. माझी आई, शालन, लग्न होऊन आली तेव्हा दादा दिवसा फर्निचरच्या कामावर जायचे आणि संध्याकाळी चौकटी करायचे. दादा लाकडाची पट्टी रंधायचे, आई पट्टीचं दुसरं टोक दाबून धरायची आणि मधूनमधून रंध्याच्या पोटाला मेण चोळायची, म्हणजे तो अडखळत नाही. नव्वदनंतर बाजारात तयार फ्रेमा आल्या, सोनेरी, नक्षीदार, उचलल्या की हलक्या. मग कुणी चौकट करायला सांगेना. दादा ठेकेदाराच्या हाताखाली कपाटांना सनमायका चिकटवायला लागले आणि रंधा पेटीत गेला. मी त्या वेळी शाळेत होतो. त्या पेटीला हात लावलेला दादांना खपत नसे. एकदा मी गंमत म्हणून करवत काढली तर त्यांनी मला अशी थप्पड दिली की आईनं दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

मी शिकलो. इंजिनिअर झालो, कॉम्प्युटरवाला झालो, धायरीत दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला आणि आईदादांना तिथं आणलं. नंतर कंपनीनं मला डॅलसला पाठवलं. आमच्यात त्याला ऑनसाइट म्हणतात आणि ज्याला ते मिळतं त्याच्याकडे बाकीचे हेव्यानं बोट दाखवतात. मी तिथं असताना आई आजारी पडली. फोनवर ती स्वतःबद्दल फार बोलायची नाही, पण एकदा म्हणाली, "माझा फोटो त्या चकचकीत फ्रेमीत लावू नका हां. आबांच्या रंध्याची चौकट करायला सांग तुझ्या बापाला. माझ्याच हातचं मेण हाय त्याला." मी म्हटलं, असं काय बोलतेस. ती हसली. अठरा दिवसांनी ती गेली आणि मी तिसऱ्या दिवशी पोचलो. बाथरूमच्या दाराला तिचा टॉवेल अजून अडकवलेला होता, तेवढाच मला बघायला मिळाला.

दादांनी चौकट लगेच केली नाही. फोटो उशाखाली ठेवून झोपायचे. मीही विषय काढला नाही. वर्ष भरायला आलं तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं की स्मृतिदिनाला, भन्तेजी यायच्या आत, शालनचा फोटो बुद्ध आणि बाबासाहेबांच्या शेजारी लागला पाहिजे, आणि तशाच चौकटीत. त्यासाठी त्यांनी सागाची पट्टी कुठूनतरी आणून पलंगामागे उभी करून ठेवली होती. आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर वाकायचं नाही, धूळ अंगावर घ्यायची नाही. माझी बहीण दीक्षा मांजरीला राहते. ती त्यांना आपल्याकडे घेऊन गेली.

तिथून त्यांचा फोन आला. मी कंपनीच्या बसमध्ये होतो.

"अनिरुद्ध, एक काम हाय. पेटीतला रंधा काढ. पात्याचा गंज काढ आणि धार लाव. पट्टी मी आल्यावर रंधतो. तू बाकी काही करू नकोस. आणि आरं, त्यात गलता हाय. तेवढं बघून कर."

गलता. दादांनी आयुष्यभर उत्तरेकडच्या कारागिरांबरोबर काम केलं, त्यांच्या बोलण्यात चार हिंदी शब्द यायचेच. मी मनातल्या मनात त्यांचं व्याकरण दुरुस्त केलं. गलती म्हणायचं असेल. रंध्यात काहीतरी गलती आहे, ती बघून घे. मी म्हटलं, "हो दादा, बघतो मी." त्यांनी जन्मात पहिल्यांदा मला हत्यार काढायला सांगितलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला भरून आलं होतं. आई गेली तेव्हा मी नव्हतो, निदान तिची चौकट तरी माझ्या हातून होईल असं वाटलं.

शनिवारी पेटी उघडली. रंधा गोणपाटात गुंडाळलेला होता. हातभर लांब, पण अरुंद, जेमतेम दोन बोटं रुंदीचा. पातं गंजून लाल झालेलं आणि लाकडी पाचर इतकी घट्ट बसलेली की ती काढायला मला अर्धा तास लागला. पुढच्या टोकावर इंग्रजी अक्षरं ठोकलेली होती, झिजलेली, आणि त्यांच्या खाली खिळ्याच्या टोकानं ठिपके पाडून मराठीत लिहिलं होतं: सोनबा. ते वाचून मी माझ्या बायकोला, आम्रपालीला, हाक मारली. ती कोथरूडच्या शाळेत शिकवते, तिला अशा गोष्टींचं कौतुक आहे. ती बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

मग मी मला जे येतं ते केलं, इंटरनेट उघडलं. जुनी सुतारी हत्यारं जमवणाऱ्या गोऱ्या लोकांचा एक फोरम सापडला. तिथं मी रंध्याचा बाजूनं काढलेला फोटो टाकला आणि टोकावरच्या अक्षरांचा टाकला. दुसऱ्या दिवशी इंग्लंडमधल्या एका निवृत्त मास्तरांचं उत्तर आलं. अक्षरांवरून त्यांनी बनवणाऱ्याचं घराणं ओळखलं होतं, लाकूड ओळखलं होतं, अठराशे ऐंशीच्या आसपासचा असावा असं लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती: काही करण्याआधी कृपया रंध्याच्या तळाचा फोटो पाठवा, त्यावरून तो कशासाठी होता ते कळेल. मी ती ओळ वाचली आणि सोडून दिली. कशासाठी होता म्हणजे काय, रंधा रंधण्यासाठी असतो. मी लिहिलं, आभारी आहे, पूर्ण झाला की एकदमच फोटो पाठवतो.

कंपनीत आम्हाला एक गोष्ट पढवलेली असते. क्लाएंटनं मागितलं तेवढंच देणारा माणूस हमाल, त्याहून चार गोष्टी जास्त करून देतो तो इंजिनिअर. व्हॅल्यू अ‍ॅडिशन. दर वर्षी त्यावर आमचं मूल्यमापन व्हायचं आणि दर वर्षी माझा शेरा उत्तम असायचा. दादांनी गंज काढायला सांगितला होता, धार लावायला सांगितली होती, आणि बाकी काही करू नकोस असंही सांगितलं होतं. ते शेवटचं मी ऐकलंच नाही म्हटलं तरी चालेल.

त्याच फोरमवर रंधा दुरुस्त कसा करावा याचा मोठा लेख होता, पायऱ्या पायऱ्यांनी, फोटोंसकट. पहिली पायरी, तळ सपाट करा. तळ सपाट नसलेला रंधा म्हणजे नुसतं लाकूड. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवा, तळावर पेन्सिलच्या रेघा मारा आणि त्या जाईपर्यंत घासा. मी रंधा उलटा केला. तळ सपाट नव्हताच. एका कडेला खोलगट झाला होता, दुसऱ्या कडेला फुगलेला, आणि सगळ्यावर काळपट पिवळा थर. मला वाटलं, हीच दादांची गलती. साठ वर्षं घासून घासून झिजलाय बिचारा एका बाजूनं.

आधी तो थर काढला. नखानं खरवडला तर नखात मेण आलं. आई फोनवर काय म्हणाली होती ते मला पाठ होतं, आणि तरी हातात आल्यावर मला ती घाणच वाटली. गरम पाण्यात फडकं बुडवून पिळून मी दोन तास ती पुसत होतो. याची मला आजही इतकी लाज वाटते की हा भाग मी बहुतेक वेळा गाळूनच सांगतो.

मग घासायला लागलो. विलायती लाकूड चिवट असतं. साठ नंबरचे सहा कागद गेले, ऐंशीचे चार. रोज ऑफिसातून आल्यावर बाल्कनीत बसायचो. तळहाताला फोड आले ते मी आम्रपालीला अभिमानानं दाखवले. ती म्हणाली, "एवढं घासायचं असतं का रे? दादांना एकदा विचार ना." मी म्हटलं, सरप्राइज आहे. तिनं पुन्हा विचारलं नाही, पण त्या दिवशी ती बाल्कनीत बसायला आली नाही.

पातं घेऊन मी सिंहगड रोडवरच्या एका ग्राइंडिंगवाल्याकडे गेलो. त्यानं ते उजेडात धरलं. धारेचा भाग वाकडातिकडा होता, एकीकडे बाक बाहेर, एकीकडे आत. "साहेब, ह्याला शेप दिसतोय," तो म्हणाला. "असाच ठेवू की सरळ मारू?"

"झिजलंय ते," मी म्हटलं. "सरळ मारा. एकदम सरळ."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या गळ्यातल्या कंपनीच्या पट्ट्याकडे पाहिलं, आणि मशीन सुरू केलं. चाळीस रुपयांचं काम, त्यात वाद कोण घालतो. बोटभर पोलाद ठिणग्या होऊन गेलं.

दोन आठवड्यांनी रंधा तयार झाला. जवसाच्या तेलाचे तीन हात दिले होते. लाकूड मधासारखं दिसायला लागलं होतं, पातं आरशासारखं, आणि तळावर मी स्टीलची पट्टी उभी धरून बघितली तर खालून उजेडाची रेघसुद्धा दिसत नव्हती. सोनबा हे नाव मात्र मी जपलं होतं, त्याला कागद लागू दिला नव्हता. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावून मी ऑफिसातल्या सगळ्यांना मेल केला. बावीस जणांनी वा वा म्हटलं.

स्मृतिदिनाच्या आठ दिवस आधी दीक्षा दादांना घेऊन आली. काळा चष्मा, अंगात स्वेटर. चहा झाल्यावर मी रंधा त्यांच्यासमोर ठेवला, खाली नवा टॉवेल अंथरून. दादांनी चष्मा काढला. नावावरून बोट फिरवलं, मान हलवली. त्यांचा चेहरा खुलला होता, हे मी नक्की सांगतो, तेवढा क्षण मला मिळाला. मग त्यांनी रंधा उलटा केला आणि डोळ्यांनी न बघता अंगठा तळावर टेकवला, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेला. परत आणला. पुन्हा नेला.

"ह्यातला गलता कुठाय?"

"काढला," मी म्हटलं. "तुम्हीच म्हणाला होता ना, गलती आहे म्हणून. बघा, आता एकदम सपाट झालाय."

दादांनी पाचर सैल करून पातं बाहेर काढलं, धार बघितली, परत टॉवेलवर ठेवलं. मग उठले, माझं मनगट धरलं आणि मला भिंतीपाशी नेलं. बुद्धाची तसबीर. त्यांनी माझं बोट धरून चौकटीच्या कडेवर ठेवलं आणि फिरवलं. आतल्या अंगाला एक गोल उंचवटा, त्याला लागून एक खोलगट पन्हळ, चारी बाजूंनी, न तुटता. तीस वर्षं मी ती चौकट बघत होतो, दर वैशाख पौर्णिमेला पुसत होतो.

"हे," दादा म्हणाले. "ह्याला गलता म्हणतात. रंध्याच्या पोटात जे असतं त्याचं उलट लाकडावर उतरतं. पोटात खळगा असला की लाकडावर गोल येतो. त्या पोटातच सगळं होतं."

दीक्षा तोंडावर पदर धरून स्वयंपाकघरात गेली. मी जे सुचलं तेच बोललो. "परत पाडता येईल ना? तसाच्या तसा?"

"कशानं? ते पाडायला उलट्या पोटाचा रंधा लागतो. तो मिस्त्री आपल्या मुलखाला घेऊन गेला. आणि पातंही तू अर्धं खाल्लंस."

"भोसरीत एक जण आहे दादा, मशीनवर काढून देतो. ही चौकट नुसती दाखवायची, तो मापं घेऊन हुबेहूब पट्टी काढून देईल. दोन दिवसांत."

"देईल की. हुबेहूब देईल," दादा म्हणाले. "तिचं काय असंल त्यात?"

मला वाटत होतं त्यांनी ओरडावं. लहानपणी करवतीसाठी थप्पड दिली होती, आता तर मी हक्कदार होतो. मी तसं बोलूनही दाखवलं. "मारा मला. पण असं शांत राहू नका."

दादा खुर्चीत बसले. काळा चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तुझ्यावर कशाला रागवू? तुला ह्यातलं काही येऊ नये एवढ्यासाठी मी जन्म घालवला. हत्याराला हात लावलास तर मारलं. घरात ह्याचा शब्द काढला न्हाई, तुझ्या कानावर पडला तर तुझी ओढ इकडं लागंल म्हणून. शालन म्हणायची, पोराला नावं तरी सांगा हत्यारांची. मी म्हटलं, कशाला, त्याला काय करायचंय." त्यांनी टॉवेलची घडी करायला घेतली. "न्हाई आलं तुला. काम पक्कं झालं माझं."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं की खरंच, ते मला आजवर कळलेलं नाही. टोमणा असता तर सोपं झालं असतं. मी त्यांच्या पायाशी बसून रडलो आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. ठेवावा असं त्यांना वाटलं नसेल, किंवा दिसलं नसेल.

सागाची पट्टी त्यांनी दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या वॉचमनला दिली, त्याला दाराला अडणा हवा होता. भोसरीला मी गेलो नाही. इंग्लंडच्या मास्तरांनी दोनदा विचारलं, तळाचा फोटो कुठे आहे. मी त्यांना उत्तर दिलं नाही, नंतर ते खातंच बंद केलं. ऑफिसात मात्र पुढचे कित्येक दिवस कुणी ना कुणी कॅन्टीनमध्ये थांबवून विचारायचं, काय रे, तुझ्या आजोबांचा तो प्लेन कसला भारी झालाय, कुठे शिकलास.

स्मृतिदिनाच्या सकाळी मी कोथरूडच्या एका दुकानातून फ्रेम आणली. त्यातल्या त्यात साधी बघितली, सोनेरी नसलेली, बारीक तपकिरी काठाची. लाकडासारखी दिसत होती, लाकूड नव्हतं. दादांनी ती हातात घेतली, वजन बघितलं, आणि स्वतःच आईचा फोटो आत सरकवून मागच्या पत्र्याच्या जिभा वाकवल्या. भन्तेजी यायला तासभर होता. आम्रपाली पांढरी फुलं ताटात मांडत होती. दादा स्टुलावर चढले, मला चढू दिलं नाही. अंगठ्यानं भिंत चाचपून जागा धरली, बाबासाहेबांच्या शेजारी, आणि तीन ठोक्यांत खिळा मारला. फोटो अडकवला. खाली उतरून मागे सरले, पण ऑपरेशनच्या डोळ्यानं त्यांना अजून नीट दिसत नव्हतं.

"सरळ हाय का बघ," ते मला म्हणाले. "तेवढं तुला कळतंय."

मी बघितलं. फोटो अगदी सरळ होता, आणि मी तसं सांगितलं.